म्हसोबाच्या पायापासून मोजलेलं पाणी : गावतलावाची पातळी का बदलते आणि ती आधी कशी ओळखायची

आमच्या तलावाच्या काठाला शेंदूर फासलेला एक दगड आहे. म्हसोबा. पावसाळ्यात पाणी चढत चढत त्याच्या पायाशी आलं की जुनी माणसं म्हणायची, ‘आता सांडवा चार दिसांवर.’ शिमग्याच्या सुमारास म्हसोबापासून पाण्यापर्यंत वीसेक पावलं उतरावं लागलं की घराघरांत हंड्यांचा हिशेब सुरू व्हायचा. १९७२च्या दुष्काळानंतर कामावर माणसं लागली, पाळ पडली, तेव्हापासून गावाचं माप हेच. माप वाईट नव्हतं. फक्त एका प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळायचं नाही, आणि भांडणं नेमकी त्याच प्रश्नावरून व्हायची : आज दिसतंय ते पाणी पुढचा मृग बरसेपर्यंत पुरेल का?

त्या प्रश्नाचं उत्तर काढायला इंजिनिअर लागत नाही. चार खांब, रंगाचा डबा, एक टब, फोन आणि दोनशे पानी वही एवढ्यावर भागतं. मी काही वर्षं हे करतोय, त्यात चुका भरपूर केल्यात. त्या वाटेत सांगतोच. आधी पातळी हलते कशाने ते पाहू.

येणं आणि जाणं

तळं म्हणजे किराणा दुकानाची उधारीची वही. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. जमेला तीन गोष्टी : नाल्यातून येणारं पाणी, तळ्यावर थेट पडणारा पाऊस आणि आजूबाजूच्या जमिनीतून झिरपत येणारं पाणी. नावे चार : उन्हाने आणि वाऱ्याने उडून जाणारं, तळातून आणि पाळीतून पाझरणारं, मोटारींनी उपसलेलं आणि सांडव्यावरून गेलेलं.

जमिनीतलं पाणी सहसा कुणी धरत नाही, पण आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात ते धरायला हवं. पाऊस थांबला तरी वरच्या अंगाच्या विहिरी काठोकाठ असतात आणि त्यांचं पाणी मुरमातून, खडकाच्या फटींतून तळ्याकडे सरकत राहतं. म्हणून काही तळी पाऊस गेल्यावरही महिना दीड महिना हट्टाने एकाच खुणेवर उभी राहतात. लोक म्हणतात, ‘यंदा तळं आटतच नाही.’ पुढे विहिरींचं पाणी तळ्याच्या पातळीखाली गेलं की तेच तळं विहिरींना पाजायला लागतं आणि पातळी एकदम घसरते. वरच्या अंगाच्या दोन विहिरींवर नजर ठेवली तर हा बदल पंधरा दिवस आधी कळतो.

ज्या तळ्याला बाहेर जायची वाटच नाही, त्याचा खेळ वेगळा. बुलढाण्याचं लोणार घ्या. उल्केच्या आघाताने झालेलं ते विवर. पाणी आत येतं, बाहेर फक्त सूर्य नेतो. क्षार मागेच राहतात. पाणी कमी झालं की खारटपणा वाढतो. जून २०२० मध्ये तळं गुलाबी दिसलं तेव्हा देशभर बातमी झाली. त्यामागे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव होते, आणि पाणी उतरून क्षार दाटल्याने त्यांचं फावलं होतं. सांडवा असलेल्या आपल्या तलावाला वरची मर्यादा तरी असते. लोणारसारख्या तळ्याला तीही नसते. चांगल्या पावसाची दोन-तीन वर्षं लागोपाठ आली की पाणी काठावरच्या देवळांकडे चढायला लागतं.

टक्के ऐकताना कान उघडे ठेवा

आकडे कसे फसवतात ते एकदा मनात पक्कं करा. बहुतेक पावसाळ्यांत मुंबईची बातमी येते : तुळशी तलाव ओसंडला. वाचणाऱ्याला वाटतं, सुटलो. तुळशीची क्षमता सुमारे ८,०४६ दशलक्ष लिटर आहे आणि मुंबईला रोज ३,८०० दशलक्ष लिटरच्या पुढे पाणी लागतं. म्हणजे भरलेली तुळशी शहराला दोन दिवस पुरते. खरा भार भातसा धरणावर : ७,१७,००० दशलक्ष लिटरहून जास्त. भातसा अर्धा असेल तर तुळशी, विहार दोन्ही वाहिले तरी चिंता जात नाही.

दुसरीकडे उजनी. बऱ्याच उन्हाळ्यांत सोलापूरकर म्हणतात, ‘उजनी मायनसमध्ये गेली.’ बाहेरच्या माणसाला हसू येतं, उणे टक्के पाणी कसं असेल? टक्के उपयुक्त साठ्यावर मोजतात. तो सुमारे ५३ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याखाली ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे. उपयुक्त साठा संपून पाणी त्यात उतरलं की आकडा शून्याखाली जातो. पाणी असतं, पण कालव्याच्या तोंडाखाली.

आपल्या तलावालाही हेच लागू. म्हणून पहिला प्रश्न : शून्य कुठे धरायचा?

पायरी १ : शून्य ठरवा, आणि तो हलू देऊ नका

आम्ही शून्य धरला तो गावाच्या नळयोजनेच्या विहिरीकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड. त्याखाली पाणी असलं तरी ते गुरांचं आणि माशांचं, नळाचं नाही. तुमच्याकडे मोरी असेल तर मोरीचा तळ शून्य धरा.

वरचा टोकाचा आकडा सांडव्याचा माथा. आमच्याकडे शून्यापासून तो ४ मीटरवर आहे. सांडव्याची भिंत खडकावर बांधलेली असते, ती हलत नाही. सगळी मापं तिच्याशी जोडा. हे मी पहिल्या वर्षी केलं नाही. सिमेंटचा एक पोल आणला, त्यावर लाल-पांढरे पट्टे ओढले, काठाच्या काळ्या मातीत रोवला आणि ऐटीत नोंदी सुरू केल्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. वर्षभरात पोल कलला आणि खचलाही. किती खचला ते कळायला मार्ग नव्हता, कारण दुसरी खूण नव्हती. अख्ख्या वर्षाच्या नोंदी रद्दीत गेल्या.

पायरी २ : पट्टी लावा

एकच उंच खांब लावला तर तो भर पावसाळ्यात पाण्याच्या मधोमध राहतो आणि आकडा दुर्बिणीने वाचावा लागतो. उतारावर एकाखाली एक असे मीटर-मीटरचे चार खांब रोवा. कोणताही आकडा काठावर उभं राहून वाचता आला पाहिजे. खांब मुरमापर्यंत खोल न्या, बुडाशी काँक्रीट घाला.

आता चारही खांबांवर एकाच मापाच्या खुणा कशा आणायच्या? गवंड्याची लेव्हलची नळी चालते, पण लांब अंतराला टप्प्याटप्प्याने न्यावी लागते आणि दर टप्प्याला थोडी चूक साठते. त्याहून सोपी युक्ती निसर्गच देतो. सांडव्यावरून पाणी वाहायचं नुकतंच थांबतं, त्या वारा नसलेल्या पहाटे सगळं तळं सांडव्याच्या माथ्याला टेकलेलं असतं. पाण्याइतकी बिनचूक लेव्हल दुसरी नाही. सर्वांत वरच्या खांबावर पाणी टेकतं तिथे ४.०० लिहा. पुढे पाणी उतरत जाईल तसा वरच्या खांबाचा तळाचा आकडा खालच्या खांबाच्या डोक्यावर उतरवत न्या. हे एका दिवसाचं काम नाही, एका हंगामाचं आहे. पण पक्कं.

वाचन सकाळी, वारा सुटायच्या आत. दुपारी वारा पाणी एका काठाकडे ढकलतो. लाटा आणि ढकललेलं पाणी मिळून तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, आणि आपल्याला महिन्याचा हिशेब एकेका सेंटिमीटरवर करायचाय. लाटांचा त्रास जास्त असेल तर चार इंची पीव्हीसी पाइपाला बुडाशी भोकं पाडून तो खांबाला बांधा. आत पाणी शांत राहतं.

आठवड्यातून दोनदा वाचलं तरी पुरे. पावसाळ्यात रोज.

पायरी ३ : तळ्यालाच त्याचा नकाशा काढू द्या

सगळ्या लेखात मला सर्वांत आवडणारी पायरी ही. तळं वाटीसारखं असतं, वर पसरट, खाली अरुंद. त्यामुळे उंची अर्धी म्हणजे पाणी अर्धं नव्हे. पण वाटीचा आकार कळायला तळात उतरून सर्व्हे करायची गरज नाही. पाणी उतरताना दर वेळी एक रेषा मागे सोडतं. पट्टीवर ४, ३, २, १ असा आकडा आला की त्या दिवशी फोनवरचं जमीन मोजायचं ॲप सुरू करायचं आणि पाण्याच्या कडेने एक फेरी मारायची. ॲप क्षेत्रफळ सांगतं. फोनची चूक चार-पाच मीटर असते. दहा हेक्टरच्या तळ्याला ती फरक पाडत नाही, पण पाणी हेक्टरभर उरलं की टेप घ्यावा. गाळाच्या कडेला एकट्याने जाऊ नका. वरून वाळलेला दिसणारा गाळ खाली कमरेएवढा असतो. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे.

पायपीट नको असेल तर सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. दर पाच दिवसांनी नवीन. एक ठिपका म्हणजे दहा मीटर. ढग नसले तर ऑक्टोबर ते मे उत्तम काम देतात. पण त्या तारखेला पट्टीवर आकडा काय होता हे वहीत असलं तरच त्या चित्राला अर्थ.

समजायला सोपे आकडे घेतो, गोल केलेले :

शून्य मीटरला १ हेक्टर
१ मीटरला ३ हेक्टर
२ मीटरला ६ हेक्टर
३ मीटरला १० हेक्टर
४ मीटरला १५ हेक्टर

दोन रेषांमधलं पाणी म्हणजे दोन्ही क्षेत्रफळांची सरासरी गुणिले उंची. खालच्या मीटरात २ हेक्टर-मीटर, दुसऱ्यात साडेचार, तिसऱ्यात ८, वरच्यात साडेबारा. एकूण २७. एक हेक्टर-मीटर म्हणजे दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर.

आता बघा. पट्टी २ मीटरवर आहे, म्हणजे सांडव्याच्या बरोब्बर निम्म्यावर. ‘तळं अर्धं आहे की!’ असं म्हणणारे चौकात हमखास भेटतात. पाणी किती? साडेसहा, म्हणजे २७ पैकी चोवीस टक्के. आमच्या गावातली निम्मी भांडणं या एका आकड्याने थांबली. उरलेली निम्मी वेगळ्या कारणांची होती.

पायरी ४ : ऊन किती नेतं, जमीन किती : टबाची परीक्षा

पातळी उतरली की बोट मोटारींकडे जातं, कारण मोटारी दिसतात. ऊन आणि पाझर दिसत नाहीत. ते वेगळे करायला एक टब पुरतो.

फिकट रंगाचा मोठा प्लॅस्टिक टब गुडघाभर पाण्यात ठेवा, बुडाशी दगड घाला म्हणजे तरंगणार नाही. टबाची कड पाण्यावर चार बोटं असावी. आतलं पाणी बाहेरच्या पातळीला आणा आणि आत-बाहेर दोन्हीकडे पक्क्या पेनाने रेघ मारा. सात दिवसांनी पाहा. टबातलं पाणी जितकं उतरलं तेवढं उन्हा-वाऱ्याचं. बाहेरचं त्याहून जितकं जास्त उतरलं तेवढं पाझराचं आणि मोटारींचं. त्या आठवड्यात मोटारी बंद असतील आणि नालाही आटलेला असेल तर सोनं. नसतील तर मोटारींचे तास लिहून घ्या आणि त्यांचं पाणी वजा करा. पाऊस पडला तर परीक्षा रद्द, पुन्हा पहिल्यापासून. टबावर जाळी टाका. माझ्या दुसऱ्या प्रयोगात बाष्पीभवन अचाट निघालं होतं, चौथ्या दिवशी कळलं की शेजारच्यांची शेळी पाण्यात उतरून टबातलंच पाणी पितेय. तिला तळ्यातलं चाललं नसतं का? नसावं.

टब प्रत्येक महिन्यात ठेवणं होत नाही. मग कृषी विद्यापीठांच्या हवामान नोंदींत बाष्पीभवनाचा आकडा असतो तो घ्या. तो पत्र्याच्या उथळ पात्रातला असतो, पात्र तापतं, म्हणून तलावासाठी त्याला साधारण ०.७ ने गुणतात. मेमध्ये पात्रातून १२ मिमी उडालं तर तलावातून आठ-साडेआठ. मी अंतर्भागातल्या कोरड्या पट्ट्यासाठी तलावाचे हे दैनंदिन अंदाज धरतो : ऑक्टोबर साडेचार मिमी, नोव्हेंबर चार, डिसेंबर-जानेवारी साडेतीन, फेब्रुवारी पाच, मार्च सात, एप्रिल साडेआठ, मे साडेनऊ, जूनचा पहिला पंधरवडा आठ. कोकणात, दमट हवेत, उन्हाळ्याचे आकडे बरेच कमी येतील.

बेरीज करून पाहा. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १.४ मीटरच्या वर. कुणी एक घागर न भरता.

पायरी ५ : १५ ऑक्टोबरचा ताळेबंद

पावसाळ्यात पातळीचा अंदाज अवघड असतो, कारण जमा बाजू आभाळाच्या हातात. हस्त संपला, परतीचा पाऊस गेला, की जमा जवळजवळ बंद आणि उरतो तो फक्त खर्च. खर्चाचा अंदाज कुणालाही बांधता येतो. मोठ्या धरणांचं नियोजनही याच सुमारास होतं. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न उभा राहतो, तुटीच्या वर्षांतला नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा वाद याच तारखेभोवती फिरतो. आपणही हीच तारीख धरू.

एक महिना करून दाखवतो, बाकीचे तसेच. १ नोव्हेंबरला पट्टी साडेतीन मीटर. पाणी सुमारे २०.१ हेक्टर-मीटर, पसारा साडेबारा हेक्टर. महिन्यात ऊन नेणार १२० मिमी. पाझर टबाच्या परीक्षेत रोज ४ मिमी निघाला होता, म्हणजे आणखी १२०. पाणी उतरेल तसा पसाराही घटेल, म्हणून सरासरी ११.३ हेक्टर धरू. २४० मिमी गुणिले ११.३ म्हणजे २.७ हेक्टर-मीटर.

मोटारी चार. पाच अश्वशक्तीची मोटार वीसेक मीटर उंचीला सेकंदाला साधारण दहा लिटर देते. खात्री करायची तर पाइपाखाली दोनशे लिटरचं बॅरल लावा आणि घड्याळ पाहा. सहा तास चालली तर दिवसाला २१६ घनमीटर. चार मोटारी, महिन्यात वीस दिवस वीज धरली तर १७,२८० घनमीटर, म्हणजे १.७ हेक्टर-मीटर.

एकूण खर्च ४.४. उरलं १५.७. तीन मीटरला साडेचौदा असतं, वर १.२ राहिलं, ते दहाएक हेक्टरवर पसरलं की बारा सेंटिमीटर. १ डिसेंबरचा अंदाज : ३.१२ मीटर.

उतरलेल्या अडतीस सेंटिमीटरात मोटारींचे चौदा, उन्हाचे बारा, जमिनीचे बारा. मोटारवाले अगदीच निर्दोष नाहीत आणि सगळा दोष त्यांचाही नाही. जमिनीचे बारा खालच्या विहिरींत जातात, ते वाया म्हणू नका.

पायरी ६ : लाल रेघ

गावाला लागतं किती? दोन हजार वस्ती, जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे ११० घनमीटर. पाचशे गुरं, पन्नास लिटरप्रमाणे आणखी २५. रोज १३५. फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढे किती दिवस धरायचे? मी १५ जुलैपर्यंत धरतो. मृगाच्या पहिल्या सरी जमीन पिऊन टाकते, नाला लगेच येत नाही. दीडशे दिवसांचे वीस हजार घनमीटर, म्हणजे २ हेक्टर-मीटर.

१ मीटरच्या पट्टीला बरोबर २ हेक्टर-मीटर पाणी असतं. झालं, पुरलं? इथेच गावं फसतात. जूनच्या मध्यापर्यंतच ऊन जवळजवळ ९६ सेंटिमीटर नेणार आहे, १५ जुलैपर्यंतचा पाझर रोज २ मिमी धरला तरी तीसेक सेंटिमीटर. म्हणजे १ मीटरच्या पट्टीचं पाणी कुणी स्पर्श न करताही संपतं. उन्हाळ्यात उथळ पाणी उन्हाला जास्त बळी पडतं, कारण थोड्या पाण्याला पसारा मोठा.

म्हणून उलटा हिशेब करा. सव्वादोन मीटरला ८.१ हेक्टर-मीटर. त्यातून सव्वा मीटरची ऊन-पाझराची घट, सरासरी साडेचार हेक्टरवर, ५.७ नेते. गावाचे २. उरतं ०.४. जेमतेम. म्हणजे या तलावाची लाल रेघ, गावाच्या पिण्यासाठी राखायची किमान पातळी, १५ फेब्रुवारीला २.२५ मीटर. ती रेघ खांबावर खरंच लाल रंगाने ओढा, आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, उसाची आणि गव्हाची लागण ठरायच्या आधी, हा आकडा मांडा. जानेवारीत मांडला तर पिकं उभी असतात, आणि उभं पीक जाळा असं कुणी कुणाला सांगू शकत नाही.

पायरी ७ : पावसाळ्याचा अंदाज, जमेल तेवढा

एप्रिलमध्ये हवामान विभाग मान्सूनचा पहिला अंदाज देतो. तो ८७ सेंटिमीटर या देशाच्या सरासरीवर बेतलेला असतो. तुमच्या तीन चौरस किलोमीटरच्या पाणलोटाबद्दल त्यात काही नसतं. त्यापेक्षा कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरून आपल्या महसूल मंडळाचा मागच्या वर्षांचा पाऊस काढा आणि तीन रकाने करा : वाईट साल, मधलं साल, बरं साल.

पावसातलं पाणी नाल्यात किती येतं? मुंबई इलाख्यातल्या तलावांवर काम करणाऱ्या स्ट्रेंज नावाच्या इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तक्ते केले होते, ते अजून कामी येतात. मध्यम प्रतीच्या पाणलोटावर हंगामात ५०० मिमी पाऊस झाला तर सुमारे ११ टक्के पाणी वाहून येतं. ७५० मिमी झाला तर १९ टक्के. तीनशे हेक्टरांवर पहिल्याचे साडेसोळा हेक्टर-मीटर, दुसऱ्याचे त्रेचाळीसच्या आसपास. पाऊस दीडपट, पाणी अडीचपट. म्हणूनच ‘पाऊस तर बरा झाला, मग तळं का नाही भरलं’ हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी निघतो.

एका दिवसाच्या पावसाचंही तसंच. ५० मिमीची सर कोरड्या जमिनीवर पडली तर दहावा हिस्सा नाल्यात येतो, भिजून चिंब जमिनीवर पडली तर तिसरा. जूनमध्ये जी सर तळ्यात दीड हेक्टर-मीटर टाकते तीच ऑगस्टमध्ये पाच टाकते. तळं पोळ्याच्या आसपास एका रात्रीत चढतं ते यामुळे.

तक्ते जुने, जमीन बदलली. वरच्या अंगाला समतल चर झाले, नाला खोलीकरण झालं, शेततळी झाली की पहिली आवक तिथेच अडते. ते वाईट नाही, पण तुमच्या तळ्याच्या वाट्याचं पाणी घटलं हे वहीत लिहा. दोन-तीन हंगाम झाले की तक्त्याचा टक्का सोडून स्वतःचा टक्का वापरा : तळ्यात किती चढलं भागिले पाणलोटावर किती पडलं.

अंदाज चुकला की कुठे पाहायचं

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आम्ही दर महिन्याच्या १ तारखेला दोन आकडे लिहितो : अंदाज आणि प्रत्यक्ष. पाच सेंटिमीटरपर्यंतचा फरक सोडून द्यायचा. त्याहून जास्त असेल तर आधी पट्टी तपासायची, मग मोटारींचे तास (रात्रीचे विसरू नका), मग पाळीच्या पायथ्याची फेरी. पायथ्याला स्वच्छ पाणी झिरपत असेल तर नेहमीचा पाझर. गढूळ येत असेल तर पाळीतली माती वाहतेय, त्याच दिवशी पाटबंधारे किंवा जलसंधारणाच्या कार्यालयाला कळवा आणि पाळीखालची वस्ती सावध करा.

गाळाकडेही लक्ष हवं. दर वर्षी गाळ येतो आणि वाटीचा तळ वर सरकतो, त्यामुळे पट्टीवर तोच आकडा असला तरी पाणी पूर्वीपेक्षा कमी असतं. पायरी ३ची फेरी चार-पाच वर्षांनी पुन्हा मारा. गाळ काढला असेल तर लगेच. आणि जेसीबीवाल्याला ‘अजून खोल घे’ म्हणताना थांबा. तळाची चिकणमाती हेच तळ्याचं बूड. ती खरवडून मुरूम उघडा पडला की पाझर वाढतो. शेजारच्या शिवारात एका तलावाचं हे झालेलं पाहिलं. पहिल्या वर्षी खोल दिसला म्हणून सगळे खूश, दुसऱ्या वर्षी संक्रांतीलाच कोरडा.

यंदा १५ फेब्रुवारीला पाणी लाल रेघेवर टेकलं होतं आणि मोटारी त्याच दिवशी काठावर आल्या. एकाने नाराजीने का होईना, पण स्वतः काढली. १ मार्चचा अंदाज २.१५ होता, पट्टीवर २.११ आलं. म्हसोबापासून सोळा पावलं.